रिबन केबल : तारांच्या शिस्तीचे शास्त्र

बसस्थानकावर, बँकेच्या दारावर किंवा एखाद्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयावर लाल दिव्यांची अक्षरे सरकत दाखविणारे फलक आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. एखाद्या दिवशी अशा फलकाचा अर्धा भाग व्यवस्थित चालतो आणि उरलेल्या अर्ध्या भागावर निरर्थक ठिपके चमकू लागतात किंवा पूर्ण अंधार पसरतो. काही दिवस वाट पाहिली जाते. मग ‘फलक नादुरुस्त’ असा शेरा पडतो, तो उतरवून अडगळीच्या खोलीत ठेवला जातो आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याची नोंद निर्लेखनाची वाट पाहत राहते. वास्तविक अनेकदा त्या फलकातील हजारो दिव्यांपैकी एकही निकामी झालेला नसतो. दोन भागांना जोडणारी, जेमतेम दोन सेंटिमीटर रुंदीची एक चपटी केबल आपल्या खोबणीतून किंचित सैल झालेली असते, एवढेच. ती पुन्हा नीट दाबून बसविली की फलक पूर्ववत चालू लागतो.

या चपट्या केबलला ‘रिबन केबल’ असे म्हणतात. संगणक, छपाईयंत्र, मोबाइल फोन, वैद्यकीय उपकरणे, मोटारगाड्या अशा अनेकविध यंत्रांमध्ये ती किंवा तिची भावंडे काम करीत असतात. यंत्राच्या किमतीच्या मानाने तिची किंमत अत्यल्प असते. परंतु तिच्यावाचून यंत्राचा एक भाग दुसऱ्या भागाशी बोलू शकत नाही. शाळा, दवाखाने आणि ग्रामपंचायती यांच्याकडे सार्वजनिक पैशातून घेतलेली इलेक्ट्रॉनिक साधने मोठ्या प्रमाणावर आलेली असताना या लहानशा वस्तूची ओळख करून घेणे केवळ तंत्रज्ञांच्याच नव्हे, तर ती साधने ज्यांच्या ताब्यात आहेत अशा सर्वांच्या उपयोगाचे ठरेल.

गुंतवळ्यापासून फितीपर्यंत

जुना रेडिओ उघडून पाहिला तर आत निरनिराळ्या रंगांच्या तारांचा गुंता दिसतो. प्रत्येक तार स्वतंत्रपणे कापलेली, तिच्या दोन्ही टोकांचे आवरण सोललेले आणि प्रत्येक टोक डाख देऊन जोडलेले असते. रेडिओत तारा थोड्या असल्याने हे काम कारागिराच्या हाताने होऊ शकत असे. संगणकाचे युग सुरू झाले तेव्हा मात्र परिस्थिती पालटली. संगणक आपली माहिती शून्य आणि एक या दोन अंकांच्या रूपात हाताळतो. असे आठ किंवा सोळा अंक एकाच वेळी एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे पाठवायचे, तर तितक्याच तारा शेजारी शेजारी हव्यात; शिवाय नियंत्रणाच्या तारा वेगळ्याच. चाळीस तारा म्हटल्या की दोन्ही टोकांच्या मिळून ऐंशी जोडण्या आल्या. त्यांपैकी दोन तारांची जरी अदलाबदल झाली, तरी सर्व यंत्र अडून बसणार आणि चूक शोधण्यात दिवस जाणार.

या अडचणीतून चपट्या केबलची कल्पना पुढे आली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील सिकॉइल या कंपनीने १९५६ मध्ये सिलिकोन रबराच्या आवरणात अनेक वाहक तारा एकाच पातळीत शेजारी शेजारी बसवून अशी केबल तयार केली. त्या काळच्या अवाढव्य संगणकांना छिद्रांकित कार्डे वाचणारी आणि चुंबकीय फितींवर माहिती साठविणारी यंत्रे जोडावी लागत. तेथे जाड आणि ताठर गोल केबलींची जागा ही लवचीक फीत घेऊ लागली.

या कल्पनेचे मर्म तारांच्या क्रमात आहे. गोल केबलीत तारा एकमेकींना पीळ देत जातात आणि टोकाशी कोणती तार कोणती, हे रंगावरूनच ओळखावे लागते. फितीत प्रत्येक तारेची जागा पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत ठरलेली असते. सातवी तार सुरुवातीला सातवी असते आणि शेवटीही सातवीच असते. म्हणजे जी दक्षता कारागिराला सतत बाळगावी लागत होती, ती वस्तूच्या घडणीतच उतरली. चूक टाळण्याचा यापेक्षा चांगला उपाय नाही.

फितीची घडण

सर्वत्र आढळणारी साधी रिबन केबल राखी रंगाची असते. तिचे आवरण सामान्यतः पीव्हीसी या प्लॅस्टिकचे असते. प्रत्येक तारेत केसासारख्या बारीक सात तंतूंचा पेड असतो. एकच जाड तंतू वापरला असता तर तार वारंवार वाकवल्यावर तुटली असती. बारीक तंतूंचा पेड मात्र वाकणे सहन करतो. लोखंडाची जाड सळई हाताने वळत नाही, पण त्याच लोखंडाचा पातळ पत्रा सहज वळतो, त्यातलाच हा प्रकार.

शेजारच्या दोन तारांच्या मध्यबिंदूंतील अंतर १.२७ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा विसावा भाग असते. हे अंतर ठरलेले असल्यामुळे तारांची संख्या सांगितली की फितीची रुंदी आपोआप कळते. सोळा तारांची फीत सुमारे दोन सेंटिमीटर, तर चाळीस तारांची सुमारे पाच सेंटिमीटर रुंद असते. बाजारात दहा, चौदा, सोळा, वीस, सव्वीस, चौतीस, चाळीस, पन्नास अशा तारासंख्येच्या फिती मिळतात.

फितीच्या एका कडेची तार लाल रंगाने दर्शविलेली असते. ही पहिली तार. लाल कड कोठे आहे एवढे पाहिले की उरलेल्या सर्व तारांचे क्रमांक मोजून काढता येतात. काही फिती सप्तरंगी असतात. त्यांत तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, राखी, पांढरा आणि काळा या क्रमाने दहा रंग पुन्हा पुन्हा येतात. इलेक्ट्रॉनिक्समध्ये रोधकांवर जे रंगपट्टे असतात, त्यांचाही हाच क्रम असल्याने तो विद्यार्थ्यांना सहज लक्षात ठेवता येतो.

एक गोष्ट येथेच स्पष्ट केली पाहिजे. ही केबल संकेत वाहून नेण्यासाठी आहे, यंत्राला शक्ती पुरविण्यासाठी नव्हे. तिच्या एका तारेतून सुमारे एक अँपिअरपर्यंतच प्रवाह नेणे योग्य मानले जाते. दिव्यांच्या फलकातही संकेत रिबन केबलीतून जातात आणि दिवे पेटविणारा पाच व्होल्टचा प्रवाह वेगळ्या जाड तारांतून जातो.

एकाच दाबात सर्व जोडण्या

तारा क्रमाने बसविल्या, तरी प्रत्येक तार सोलून डाख द्यावाच लागला असता तर या फितीचा निम्मा लाभ वाया गेला असता. ही अडचण एका साध्या युक्तीने दूर झाली. केबलीच्या टोकाला जो कनेक्टर बसवितात, त्यात प्रत्येक तारेसाठी धातूचे एक दुबेळके पाते असते. पात्यांची टोके अणकुचीदार असतात आणि दोन टोकांमधील फट तारेच्या जाडीपेक्षा किंचित अरुंद असते. फीत कनेक्टरमध्ये सरळ ठेवून वरचे झाकण दाबले की सर्व पाती एकाच वेळी आवरण भेदून आत शिरतात आणि प्रत्येक तार आपल्या फटीत घट्ट आवळली जाते.

येथे सोलणे नाही आणि डाखही नाही. तरीही जोडणी पक्की असते. कारण पात्याचा धातू तारेच्या धातूवर इतक्या जोराने दाबलेला असतो की त्या दोहोंमध्ये हवा किंवा दमटपणा शिरू शकत नाही. हवा न शिरल्याने गंज चढत नाही आणि वर्षानुवर्षे प्रवाह निर्वेध वाहतो. चाळीस तारांची फीत असो की दहा तारांची, जोडणीसाठी एकच दाब पुरतो. दंतपंक्तीप्रमाणे दोन ओळींत असलेल्या या पात्यांची रचना अशी असते की पहिली, तिसरी, पाचवी अशा विषम तारा एका ओळीत आणि सम तारा दुसऱ्या ओळीत जातात. त्यामुळे तारांमधील अंतर १.२७ मिलिमीटर असले, तरी कनेक्टरच्या छिद्रांत त्याच्या दुप्पट, म्हणजे २.५४ मिलिमीटर अंतर मिळते आणि खोबणीतील खिळे पुरेसे मजबूत ठेवता येतात.

मात्र हा दाब सरळ आणि सर्वत्र सारखा पडला पाहिजे. फीत तिरकी ठेवली गेली, तर एखादे पाते दोन तारांच्या मध्ये घुसते आणि दोन संकेत एकमेकांत मिसळतात. यासाठी हातोडीने ठोकण्याऐवजी दाबयंत्र किंवा साधा व्हाइस वापरणे हितावह असते.

शाळांतील पहिल्या संगणकांची आठवण

भारतातील शालेय शिक्षणाच्या इतिहासातही या फितीला एक स्थान आहे. केंद्र सरकारने १९८४ मध्ये ‘क्लास’ या नावाने संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा देशातील सुमारे अडीचशे शाळांपासून त्याचा प्रारंभ झाला. या शाळांत जे संगणक आले, ते ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचे ‘बीबीसी मायक्रो’ हे होते. या संगणकाच्या तळाशी खोबणींची एक रांगच होती. छपाईयंत्रासाठी सव्वीस तारांची, माहिती साठविणाऱ्या चकतीयंत्रासाठी चौतीस तारांची, प्रयोगासाठी बाहेरची साधने जोडता यावीत म्हणून वीस तारांची आणि दुसरा प्रक्रियक जोडण्यासाठी चाळीस तारांची. या सर्व खोबणींत रिबन केबलच बसत असे. शाळेतील मुलांनी संगणकाला दिवा किंवा लहानशी मोटार जोडून ती चालवावी, ही कल्पना त्या वीस तारांच्या फितीमुळेच सुलभ झाली.

त्याच सुमारास कार्यालयांतून रूढ झालेल्या आयबीएम धाटणीच्या संगणकांत चकतीयंत्राची केबल चौतीस तारांचीच होती. परंतु तिच्यात एक गंमत होती. दहाव्यापासून सोळाव्यापर्यंतच्या सात तारा टोकाजवळ फितीपासून वेगळ्या काढून त्यांना एक पीळ दिलेला असे. दोन्ही चकतीयंत्रे अगदी एकसारखी असली, तरी पिळाच्या पुढे जोडलेले यंत्र पहिले आणि पिळाच्या आधी जोडलेले यंत्र दुसरे, असे संगणकाला कळत असे. एरवी तारांचा क्रम अढळ राखण्यासाठी असलेल्या फितीत मुद्दाम क्रम बदलून एक अडचण सोडविण्यात आली होती. केबल उलटी बसवली गेली, तर चकतीयंत्राचा दिवा न विझता सतत पेटलेला राही. हे चिन्ह त्या काळच्या संगणक शिक्षकांच्या चांगलेच परिचयाचे होते.

चाळीसच्या ऐंशी तारा का झाल्या?

तारा शेजारी शेजारी असण्याचा एक तोटाही आहे. एका तारेतील प्रवाह झपाट्याने बदलला की तिच्या भोवतीचे विद्युत् व चुंबकीय क्षेत्र बदलते आणि शेजारच्या तारेत नको असलेला क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. जुन्या दूरध्वनीवर कधीकधी तिसऱ्याच माणसांचे बोलणे ऐकू येत असे, त्यातलाच हा दोष. तंत्रज्ञ त्याला ‘क्रॉसटॉक’ म्हणतात. संकेतांचा वेग कमी असताना हा उपद्रव जाणवत नाही. वेग वाढला आणि फीत लांब असली की तो वाढतो.

संगणकाच्या हार्ड डिस्कला जोडणारी केबल हे याचे उत्तम उदाहरण होय. प्रारंभी या केबलीत चाळीस तारा होत्या. त्यांपैकी सोळा तारांवरून माहिती ये-जा करी आणि सात तारा भूमीशी, म्हणजे शून्य विद्युत्‌दाबाशी जोडलेल्या होत्या. दर सेकंदाला तेहतीस मेगाबाइटपर्यंत माहिती नेण्यास ही व्यवस्था पुरेशी होती. वेग त्याच्या दुप्पट करण्याची वेळ आली, तेव्हा क्रॉसटॉकमुळे माहितीत चुका होऊ लागण्याचा धोका निर्माण झाला. यावर उपाय म्हणून तितक्याच रुंदीच्या फितीत ऐंशी बारीक तारा बसविण्यात आल्या. वाढविलेल्या सर्व चाळीस तारा भूमीशी जोडलेल्या होत्या. म्हणजे संकेताच्या प्रत्येक दोन तारांमध्ये एक मूक तार उभी राहिली. शेतातील दोन वाफ्यांमध्ये बांध घातला म्हणजे एका वाफ्याचे पाणी दुसऱ्यात जात नाही, तसे काम या मूक तारांनी केले. कनेक्टर मात्र पूर्वीसारखा चाळीस खिळ्यांचाच राहिला.

या केबलीची लांबी ४६ सेंटिमीटरपेक्षा अधिक असू नये, असे बंधन होते. तिच्या जागी जुनी चाळीस तारांची केबल बसविली, तर संगणक ते ओळखून आपला वेग स्वतःच कमी करीत असे. यंत्र बंद पडत नसे, फक्त मंदावत असे. दुरुस्तीनंतर यंत्र हळू चालू लागले, अशी तक्रार आल्यास भाग मूळ प्रकारचाच बसविला आहे की नाही हे पाहावे, हा धडा आजही उपयोगी पडणारा आहे.

रुंद फितीनंतर

वेगाची भूक याहून वाढली, तेव्हा समांतर तारांची आणखी एक मर्यादा उघड झाली. सोळा तारांवरून एकाच क्षणी निघालेले संकेत दुसऱ्या टोकाला अगदी एकाच क्षणी पोहोचतातच असे नाही. तारांतील सूक्ष्म फरकांमुळे कोणी किंचित आधी, कोणी किंचित नंतर पोहोचतो. वेग फार वाढला की हा किंचित फरकही घोटाळा करतो. म्हणून अभियंत्यांनी उलट वाट धरली. अनेक तारांवरून एकदम माहिती पाठविण्याऐवजी थोड्या तारांवरून एकामागून एक, पण अतिशय वेगाने ती पाठवावी. २००३ मध्ये आलेल्या ‘सीरिअल एटीए’ पद्धतीत हार्ड डिस्कसाठी केवळ सात वाहक पुरले. जुन्या पद्धतीचा कमाल वेग सेकंदाला १३३ मेगाबाइट होता; नव्या पद्धतीने आपल्या पहिल्याच पायरीवर १५० मेगाबाइट गाठले. त्यानंतर संगणकाच्या पेटीतून रुंद राखी फिती हळूहळू दिसेनाशा झाल्या.

यावरून चपट्या केबलीचा काळ संपला असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकीचा ठरेल. तिचे रूप पालटले आहे. गोल तारांऐवजी तांब्याच्या अतिशय पातळ पट्ट्या पॉलिएस्टरच्या दोन पडद्यांमध्ये चिकटवून कागदासारखी पातळ केबल तयार करतात. पट्ट्यांमधील अंतर बहुधा एक किंवा अर्धा मिलिमीटर असते. टोकाशी आवरण काढून पट्ट्या एका बाजूने उघड्या ठेवलेल्या असतात आणि दुसऱ्या बाजूला, बहुधा निळ्या रंगाचा, ताठर तुकडा चिकटवलेला असतो. खोबणीची बारीक कळ उचलावी, टोक आत सरकवावे आणि कळ मिटावी. खोबणी त्याला पकडून ठेवते. लॅपटॉप संगणकाचा कळफलक, मोबाइल फोनचा पडदा व कॅमेरा, छपाईयंत्राचे पुढे-मागे धावणारे डोके यांची जोडणी अशाच पातळ पट्ट्यांनी किंवा लवचीक छापील मंडलांनी केलेली असते. मोटारीच्या सुकाणू चक्रात संरक्षक हवेची पिशवी असते. तिच्याकडे जाणारी तार चक्राबरोबर फिरूनही तुटू नये म्हणून तेथे घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली चपटी केबल वापरतात.

बँकांतून आणि कार्यालयांतून वापरल्या जाणाऱ्या ठिपक्यांच्या छपाईयंत्राबाबत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘रिबन गेली’ असे म्हटले की ती शाईची फीत असावी, असे तेथे गृहीत धरले जाते. छपाई फिकट येत असेल, तर शाईची फीत बदलणे योग्यच आहे. परंतु प्रत्येक ओळीत त्याच उंचीवर एक पांढरी रेघ सुटत असेल, तर शाईचा दोष नव्हे. छपाईच्या डोक्यातील नऊ किंवा चोवीस सुयांपैकी एक तरी हलत नाही किंवा तिच्याकडे जाणाऱ्या चपट्या केबलीतील एक वाहक तुटला आहे, असे समजावे.

बिघाडाची भाषा

रिबन केबलीतील दोष बहुधा काही ठरावीक लक्षणांनी व्यक्त होतो. यंत्र एका गावाहून दुसऱ्या गावी हलविल्यानंतर लगेच बंद पडले, पेटी थोपटली की क्षणभर चालू झाले, लॅपटॉपचे झाकण विशिष्ट कोनात ठेवले तरच पडदा स्वच्छ दिसला, आकड्यांच्या फलकावरील एकच रेघ उमटेनाशी झाली, तर आधी संशय जोडणीचा घ्यावा. आतील सुटे भाग जळाले असतील, तर थोपटल्याने ते बरे होत नाहीत.

दिव्यांच्या फलकाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. असा फलक अनेक लहान तक्त्यांचा बनलेला असतो. प्रचारात असलेल्या एका प्रकारात प्रत्येक तक्ता ३२ सेंटिमीटर लांब व १६ सेंटिमीटर उंच असून त्यावर ५१२ ठिपके असतात. पहिल्या तक्त्यात आलेले संकेत सोळा तारांच्या रिबन केबलीने दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे पुढे जातात. आग विझविताना माणसांची रांग करून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे दिल्या जातात, तशी ही व्यवस्था आहे. रांगेतील एक माणूस थांबला की त्याच्या पुढच्या कोणालाही पाणी मिळत नाही. म्हणून पहिले दोन तक्ते नीट आणि तिसऱ्यापासून पुढचे सर्व बंद असतील, तर दुसऱ्या व तिसऱ्या तक्त्यांमधील केबल प्रथम तपासावी. तीच केबल काढून तिच्या जागी चांगली केबल लावून पाहिली की दोष केबलीत आहे की तक्त्यात, याचा निर्णय होतो. मधलाच एक तक्ता अंधारात असून त्याच्या पुढचे तक्ते व्यवस्थित असतील, तर मात्र केबलीऐवजी तो तक्ताच तपासावा लागतो.

हाताळणीचे नियम

तपासणीचे काम जाणत्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. यंत्र हमीच्या मुदतीत असेल, तर ते उघडू नये. वीजपुरवठा नुसता बटणाने बंद न करता प्लग काढून घ्यावा आणि शक्तिपुरवठ्याच्या पेटीला हात लावू नये. तिच्यातील संधारित्रांत वीज काही काळ शिल्लक राहते. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राची बॅटरी आधी वेगळी करावी. केबल काढताना तारांना धरून ओढू नये, कनेक्टर दोन्ही बाजूंनी धरून सरळ उचलावा. पातळ पट्टीच्या केबलीची कळ आधी मोकळी करावी. ती इतकी नाजूक असते की जोर लावल्यास तुटते.

बसविताना लाल कड कनेक्टरवरील लहान त्रिकोणाच्या आणि खोबणीवरील पहिल्या क्रमांकाच्या बाजूला आहे, याची खात्री करावी. चांगल्या कनेक्टरला मध्यभागी उंचवटा असतो व खोबणीला तशीच खाच असते, त्यामुळे तो उलटा बसत नाही. जेथे खाच नसते, तेथे चुकून उलटा बसविलेला कनेक्टर यंत्राचे नुकसान करू शकतो. फितीला कागदासारखी तीक्ष्ण घडी घालू नये, मोठे वळण द्यावे. ती पंख्याच्या पात्यांपासून, तापणाऱ्या भागांपासून आणि विजेच्या मुख्य तारांपासून दूर ठेवावी. कोकणातील खाऱ्या व दमट हवेत कनेक्टरच्या उघड्या खिळ्यांवर गंज लवकर चढतो, तर धान्याच्या साठ्याजवळच्या खोल्यांत उंदरांचा उपद्रव असतो. उंदीर प्लॅस्टिकचे आवरण कुरतडतात. यंत्राची पेटी झाकलेली आणि तिची छिद्रे बंद ठेवणे हा त्यावरचा सोपा उपाय होय.

वर्गातील एक प्रयोग

माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षकांना हा विषय एका सोप्या प्रयोगाने शिकविता येईल. दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली दहा तारांची, हातभर लांबीची केबल घ्यावी. ती कोणत्याही यंत्राला किंवा विजेला जोडलेली नसावी. मल्टिमीटर सातत्य तपासण्याच्या स्थितीत ठेवून एका टोकाच्या पहिल्या छिद्रापासून दुसऱ्या टोकाच्या पहिल्या छिद्रापर्यंत वहन होते का, ते पाहावे. अशा दहा चाचण्या केल्या की एकही तार तुटलेली नाही हे सिद्ध होते. नंतर पहिली व दुसरी, दुसरी व तिसरी अशा शेजारच्या नऊ जोड्या तपासाव्यात. येथे वहन होता कामा नये. एकूण एकोणीस चाचण्यांत केबल निर्दोष आहे की नाही, याचा निकाल लागतो. प्रत्येक चाचणीचा निष्कर्ष विद्यार्थ्यांनी तक्त्यात लिहावा. एका तारेला मुद्दाम छेद दिलेली दुसरी केबल देऊन दोष शोधण्यास सांगितले, तर अंदाज बांधणे आणि पुरावा मिळविणे यांतील फरक मुलांच्या मनावर कायमचा ठसेल.

निर्लेखनापूर्वी

एखादे यंत्र निकामी ठरवून निर्लेखनाचा प्रस्ताव करण्यापूर्वी संबंधित अधिकारी, मुख्याध्यापक किंवा ग्रामपंचायत सदस्य यांनी तंत्रज्ञाला दोन प्रश्न जरूर विचारावेत. आतील सर्व केबली काढून पुन्हा बसवून पाहिल्या का? संशयित केबल बदलून पाहिली का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तपासणी अहवालात लेखी यावीत. तक्रार लिहितानाही ‘यंत्र बंद आहे’ एवढेच न लिहिता ते केव्हापासून बंद आहे, हलविल्यानंतर बिघडले का, कोणता भाग चालतो आणि कोणता चालत नाही, हे नमूद केल्यास तंत्रज्ञाची फेरी वाचते.

जे यंत्र खरोखरच दुरुस्तीपलीकडे गेले असेल, त्याची विल्हेवाटही रीतसर लागली पाहिजे. तांबे मिळविण्यासाठी केबली उघड्यावर जाळल्या जातात, तेव्हा पीव्हीसीतून अत्यंत विषारी वायू बाहेर पडतात आणि ते आसपासच्या वस्तीला अपायकारक ठरतात. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण संस्थांकडे जाणे अपेक्षित आहे. तो भंगाराच्या साध्या लिलावात निघणार नाही, याची दक्षता कार्यालयांनी घ्यावयास हवी.

जी संगणक प्रयोगशाळा एका सैल कनेक्टरमुळे सहा महिने बंद राहते, तेथे केवळ यंत्राची किंमत वाया जात नाही. मुलांच्या एका संपूर्ण वर्गाचे शिक्षण मागे पडते. गावातील फलक बंद राहिला, तर लसीकरणाची तारीख किंवा ग्रामसभेची सूचना लोकांपर्यंत पोहोचत नाही. लाल कडेची ती राखी फीत दिसायला क्षुल्लक आहे. पण यंत्र टाकून देण्याचा निर्णय होण्यापूर्वी कोणी तरी ती एकदा काढून पुन्हा नीट बसवून पाहिली पाहिजे.